चारशे सतरा नंबरची कवटी

१

पेटी उघडी होती आणि आत नुसता कापूस होता.

ताईने झाकण मिटलं आणि पुन्हा उघडलं. अशा वेळी माणूस एवढाच वेडेपणा करू शकतो. कापसात दोन खोल खळगे तेवढे राहिले होते. चाळीस वर्षं ज्या कवटीचे गाल तिथे टेकले होते, ती कवटी गायब होती.

संग्रहालयाच्या तळघरात हाडांचं भांडार होतं आणि त्याच्या किल्ल्या ताईच्या कमरेला होत्या. म्हणून वरच्या मजल्यावरची टवाळ मंडळी तिला ‘किल्लेदारीण’ म्हणत. ती रागवायची नाही. सव्वीस वर्षं तिने इथल्या शिंगांवरची धूळ पुसली होती. याखेरीज दुसरं काही आपल्याला येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि दुसरं काही यावं अशी तिची इच्छाही नव्हती.

हरवलेली कवटी सांबराची होती. मनगटाइतकी जाड शिंगं, प्रत्येक शिंगाला तीन टोकं, नंबर चारशे सतरा. भांडारात सांबराच्या इतर कवट्या होत्याच, पण ही ‘मूळ नमुना’ होती. नदीपलीकडच्या डोंगरातलं सांबर मैदानातल्या सांबराहून वेगळं आहे असं चाळीस वर्षांपूर्वी इथे संशोधक असलेल्या सरांनी जगाला सांगितलं, त्याला वेगळं नाव दिलं, ते याच कवटीच्या जोरावर. मूळ नमुन्याला तांबडी चिठ्ठी असते, बाकीच्यांना पांढरी. आज एक पाहुणी संशोधक याच कवटीची चिमूटभर भुकटी तपासायला न्यायला आली होती.

मूळ नमुना हरवला तर काय करायचं, याचा नियम दारावरच्या पाटीवर होता. दार आतून बंद करायचं, आणि शोध लागेपर्यंत कुणालाही बाहेर सोडायचं नाही. तो पाळायची वेळ आजवर कधी आली नव्हती. ताईने लोखंडी दार ओढलं, किल्ली फिरवली आणि आतल्या फोनवरून साहेबांना कळवलं.

“चार वाजता मी पोलीस घेऊन येतो,” साहेब म्हणाले. “तोवर सापडली तर ठीक. नाहीतर किल्ली तुमच्याकडे होती, जबाबदारी तुमची. उद्यापासून तुम्ही यायचं कारण नाही.”

घड्याळात अकरा वाजले होते. ताईने मागे वळून पाहिलं. चार माणसं तिच्याकडे बघत होती, आणि चौघांचेही चेहरे मी नाही त्यातला असे होते.

२

तळघराला खिडकी नव्हती. छताजवळ हवेचं यंत्र घरघरत होतं आणि ते घरघरतंय तोवर श्वास घ्यायचा, एवढाच बाहेरच्या जगाशी संबंध.

आधी त्यांनी सगळे मिळून शोधलं. टेबलांखाली, कपाटांच्या मागे, धुण्याच्या खोलीतल्या हौदात, पाहुणीच्या मोठ्या पिशवीतसुद्धा. पाहुणीने तोंड वाकडं केलं, पण पिशवी उलटी करून दाखवली. खरं तर पिशवीचा प्रश्नच नव्हता. शिंगांचा पसारा हात फैलावलेल्या माणसाएवढा. ती कवटी काखोटीला मारून जिना चढणं म्हणजे उंट खिशात घालणं. वरच्या पहारेकऱ्यानेही फोनवर शपथ घेतली की सकाळपासून खालून काडीसुद्धा वर आलेली नाही.

“म्हणजे ती इथेच आहे,” ताई म्हणाली.

“कुठे? हवेत?” नकाशे काढणारा म्हणाला. प्राणी कुठे कुठे सापडतात त्याचे ठिपके नकाशावर देणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला ठिपकेराव म्हणत. “ताई, आपण तीनदा शोधलं. मला आता गुदमरायला लागलंय.”

“बसा ना, भाऊ. बसलं की कमी गुदमरतं.”

सर मात्र केव्हाचेच खुर्चीत बसले होते, हातातल्या काठीवर हनुवटी टेकून. वय बहात्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी महिन्यातून एकदा येऊन जात. हाड कसं धरायचं, चिठ्ठी कशी बांधायची, इथपासून सगळं ताईला त्यांनी शिकवलं होतं. पाहुणीचं पत्र आलं तेव्हा ताईनेच फोन करून त्यांना ते वाचून दाखवलं होतं. “सर, तुमच्या कवटीचं भाग्य उजळलं,” असं ती तेव्हा म्हणाली होती.

“तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस गं,” सर आता म्हणाले. “कवटी ती कवटी. जाते कधी कधी.”

ताईला भरून आलं. आपली नोकरी जायची वेळ आली आणि सर आपल्यालाच धीर देताहेत.

सकाळचा हिशोब मात्र मांडायला हवा होता. नऊ वाजता तिने भांडार उघडलं, तेव्हा पेटीत कवटी होती. तिने ती स्वतः पुसली होती. साडेदहाला पाहुणीला आणायला ती वर गेली, ते पंधरा मिनिटं. तेव्हा खाली सर, ठिपकेराव आणि मामा असे तिघे होते. मग पाहुणीला टेबलाशी बसवून ती दाराशेजारच्या कोनाड्यात वहीत नोंदी करत होती, तीही पंधरा मिनिटं. त्या वेळी चौघेही खाली होते.

तिने टेबलापाशी खुर्ची ओढली आणि एकेकाला बोलवायला सुरुवात केली.

३

मामा पहिले आले. हाडं उकळून, घासून पांढरी करणं हे त्यांचं काम. आठ वर्षांपूर्वी लागले तेव्हापासून सगळ्यांचे मामा.

“मला कशाला विचारतेस? मी तिकडे हौदाशी. नळ चालू. कानाशी ढोल वाजवला असता तरी कळलं नसतं.”

“मामा, गेल्या वर्षी गळलेलं शिंग बाहेर विकलं म्हणून तुमच्यावर आळ आला होता.”

“आळ आला होता. खरा ठरला नव्हता.” मामांचा आवाज चढला. “आणि विकायचंच असतं तर दार बंद होईपर्यंत थांबलो असतो का मी? डोकं आहे मला. तुझ्या त्या निळ्या चिठ्ठ्या संपून तीन आठवडे झाले, दहादा सांगितलं मागव म्हणून, तेवढंही होत नाही तुझ्याच्यानं, आणि चोर शोधतेस!”

ताईने मान खाली घातली. ते बोलणं खरंच होतं.

ठिपकेराव आला तो हात चोळत. “मी सांगतो खरं काय ते. ती कवटी मला कधीच पटली नाही. सांबर कोरड्या टेकड्यांपासून ओल्या बेटांपर्यंत कुठेही राहतं, मान्य. पण माझ्या नकाशात नदीपलीकडे, डोंगरात, जुना ठिपका एकच. तो या कवटीचा. आजूबाजूला दुसरं काही नाही. एकटा ठिपका बघितला की माझं डोकं दुखतं.”

“म्हणून कवटीच नाहीशी करायची?”

“छे! कवटी गेली तर ठिपका कायमचा राहील ना. पुसायला पुरावा लागतो. मी तर भुकटीची वाटच बघत होतो.” तो थोडा थांबला. “तुम्ही वर गेलात तेव्हा मी नकाशातल्या डोंगरांना छाया देत होतो, मान खाली. सर रांगांमधून हिंडत होते. म्हणाले, जुन्या मित्रांना भेटतोय. एवढंच.”

मग पाहुणी. तिशीची, तडक बोलणारी.

“सगळे मलाच चोर समजताहेत, माहितीये मला. बाहेरची आहे ना.”

“बाहेरच्याला इथली कवटी उचलायला धाडस लागेल. भुकटी कशासाठी हवी होती?”

“जुन्या फोटोंवरून मी तिचे दात मोजले. ते मैदानातल्या सांबराचे वाटतात. आणि डोंगरातल्या जिवंत सांबरांचे मी स्वतः नमुने आणलेत, ते वेगळे आहेत. दोन्हींचा मेळ बसत नाही.” ती पुढे झुकली. “ताई, तुम्हाला तर माहीत आहे. नाव डोंगराला मिळत नाही, कवटीला मिळतं. कवटी मैदानातली निघाली, तर सरांचं नाव रद्द. डोंगरातलं सांबर वेगळं असलं तरी त्याला नवीन नाव द्यावं लागेल.”

“कोण देईल?”

“जो सिद्ध करेल तो.”

“म्हणजे तुम्ही.”

“हो, मी,” पाहुणी म्हणाली. “पण त्यासाठी मला कवटी हवी आहे. हरवलेली कवटी माझ्या काय कामाची?”

घड्याळात दोन वाजले होते. यंत्राची घरघर एकदम थांबली, सगळ्यांनी छताकडे पाहिलं, आणि ती पुन्हा सुरू झाली.

सरांना विचारायला तिची जीभ रेटेना. तरी विचारलं.

“मी?” सर हसले. “मी माझ्याच कवटीचं काय करणार?”

४

तीन वाजता ती उठली आणि सांबरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रडू येईल असं वाटत होतं आणि ते चौघांसमोर यायला नको होतं.

भिंतभर खुंट्या होत्या, प्रत्येकीखाली पितळेचा नंबर, प्रत्येकीवर एक कवटी. वरच्या ओळीला शिडी लागायची, खालची कमरेएवढी. सगळ्या जागच्या जागी. ही रांग पाहिली की तिला नेहमी बरं वाटायचं. घरच्या फडताळातली भांडी लावून झाल्यावर वाटतं तसं. उद्यापासून दुसरंच कुणीतरी त्यांना पुसेल, कदाचित पुसणारही नाही.

तिने पदराने डोळे टिपले आणि सवयीने एकेक नंबर वाचत गेली. एकोणीस. वीस. एकवीस. बावीस. तेवीस.

ती थांबली. मग दोन पावलं मागे आली.

बाविसाव्या खुंटीवर कवटी होती.

तीन आठवड्यांपूर्वी मामांनी आणि तिने बावीस नंबरची कवटी पेंढ्यात गुंडाळून, खोक्याला खिळे ठोकून दुसऱ्या गावच्या प्रदर्शनाला पाठवली होती. बाहेर गेलेल्या कवटीच्या खुंटीला निळी चिठ्ठी लावायची, हा शिरस्ता. चिठ्ठ्या संपलेल्या, म्हणून राहून गेलं होतं. खुंटी नुसतीच रिकामी होती. असायला हवी होती.

मघाशी पाच जणांनी ही रांग तीनदा पाहिली होती, आणि तीनदा पाहून पुढे गेले होते. शोधणारा माणूस रिकामी जागा शोधतो. भरलेल्या जागेकडे कोण बघणार?

कवटीला पांढरी चिठ्ठी होती. वर शिक्क्याने उमटवलेला आकडा, बावीस. अक्षर नाही, नुसता शिक्का, जो टेबलावरच्या तबकात दोऱ्याच्या रिळाशेजारी कायम पडलेला असतो.

आणि ती चिठ्ठी कुठे बांधली आहे, हे ताईने पाहिलं.

५

“सापडली,” ती म्हणाली.

चौघेही उठून आले. सर सगळ्यांच्या मागे.

“हात लावू नका. आधी ऐका.” तिने बाविसाव्या खुंटीकडे बोट केलं. “ज्याने हे केलं त्याने तांबडी चिठ्ठी काढली, पांढरी लावली, आणि कवटी रिकाम्या खुंटीवर टांगली. आता ही चिठ्ठी बघा. डाव्या शिंगाच्या बुडाशी बांधली आहे. रांगेतल्या बाकीच्या बघा.”

पाहुणीने वाकून पाहिलं. “बाकीच्या गालाच्या हाडाला बांधल्यात.”

“शिंगावरून दोरा घसरतो, चिठ्ठ्या हरवतात. म्हणून दहा वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या सोडून गालाच्या हाडाला बांधल्या. मामा आठ वर्षांपूर्वी आले. त्यांना शिंगाला बांधायचं ठाऊकच नाही. ठिपकेरावांनी आयुष्यात चिठ्ठी बांधलेली नाही आणि पाहुण्यांनी इथली तर नाहीच. या दोघांपैकी कुणी बांधली असती तर शेजारची बघून तशीच बांधली असती. न बघता शिंगाला बांधली, ती सवयीच्या हाताने. तसा हात असलेली माणसं इथे दोनच आहेत.”

“कोण?” ठिपकेरावने विचारलं.

“सर. त्यांनीच ती पद्धत घातली. आणि मी. मला त्यांनी शिकवली.”

यंत्र घरघरत राहिलं. ताई सरांकडे बघत होती. सरांनी काहीतरी बोलावं, काहीही बोलावं, चूक झाली म्हणावं, चक्कर येते म्हणावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

सरांनी काठी सरळ केली.

“मग तीच,” ते म्हणाले. “किल्ली तिच्याकडे. वही तिच्याकडे. मी म्हातारा माणूस, दुखऱ्या खांद्याचा.”

क्षणभर ताईला ते शब्द कळलेच नाहीत. कळले तेव्हा तिला वाटलं की भिंती जवळ आल्या आहेत. वडिलांच्या जागी मानलेला माणूस तिला दारातून बाहेर ढकलत होता, आणि ते दार तिने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

“ताई?” पाहुणीने हळूच विचारलं.

ताई मामांकडे वळली. “मामा, बावीस नंबरची कवटी कुठे आहे?”

“अगं, आपणच नाही का खोक्यात घातली? सोमवारी परत यायचीय.” मामा बोलले आणि बोलता बोलता त्यांचे डोळे मोठे झाले.

“सोमवारी परत येणार. तिला तिची खुंटी लागणार. हे मला ठाऊक होतं आणि मामांना. चोर मी असते तर जगातल्या सगळ्या खुंट्या सोडून हीच निवडली असती? चार दिवसांत माझं बिंग फुटावं म्हणून?” ती सरांकडे वळली. “ज्याला ती खुंटी कायमची रिकामी वाटली, त्यानेच ही निवडली. निळी चिठ्ठी मी लावली नव्हती. सर, तुम्हाला वाटलं ती कवटी खराब झाली म्हणून काढून टाकली. आणि खांद्याचं म्हणाल तर ही खुंटी कमरेएवढी आहे. उचलून वर न्यावं लागत नाही.”

तिने कवटी उतरवली आणि उलटी केली. टाळूच्या हाडावर काळ्या शाईत बारीक, तिरपे आकडे होते. चारशे सतरा. सरांचं ते अक्षर भांडारातल्या निम्म्या कागदांवर होतं.

६

सर खुर्चीत बसले. मग ते स्वतःहून बोलायला लागले, कुणाकडेही न बघता.

“नदीला पूर होता. मला ताप. पंधरा दिवस अलीकडे तंबूत पडून होतो. पलीकडचं सांबर वेगळं आहे हे मला दिसत होतं, लांबून, दुर्बिणीतून. रंग, कान, चाल. पण हातात काही नाही. परत कसा जाणार? अलीकडच्या बाजारात एका शिकाऱ्याकडून ही घेतली आणि ‘नदीपलीकडे’ असं लिहिलं. म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊन खरी आणू, बदलू. पुढच्या वर्षी नाव छापून आलं. लोक अभिनंदन करायला लागले.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “मग जाणं झालं नाही. तेव्हापासून इथेच अडकलोय मी. तुम्ही आज पाच तास अडकलात, एवढं काय त्यात.”

ठिपकेराव काही बोलणार होता. पाहुणीने त्याला हाताने थांबवलं.

“सर, डोंगरातलं सांबर खरंच वेगळं आहे,” ती म्हणाली. “तुम्ही लांबून ओळखलंत ते बरोबर होतं. नुसतं एकदा पलीकडे जायला हवं होतं.”

सरांनी मान वर केली. असा आनंद आणि असं दुःख एकाच चेहऱ्यावर ताईने कधी पाहिलं नव्हतं.

चारला दहा कमी होते. ताई फोनकडे निघाली, तेव्हा सरांनी तिचा हात धरला.

“चुकून दुसऱ्या खुंटीवर लागली असं सांग. निष्काळजीपणा झाला म्हण. तुला फार तर समज देतील. माझं काय उरलंय आता, सांग.”

त्या हाताने तिला पहिलं हाड धरायला शिकवलं होतं, आणि दोन तासांपूर्वी त्याने हे मागितलं असतं तर तिने दिलंही असतं.

“सर, मघाशी मी दोन नावं घेतली,” ती म्हणाली. “तुम्ही नुसते गप्प बसला असता ना, तरी मी हे केलं असतं. माझ्या अंगावर घेतलं असतं. खरंच घेतलं असतं.”

सरांचा हात सैल झाला.

तिने फोन उचलला. “साहेब, कवटी सापडली. सरांनी लपवली होती. चौघांसमोर कबूल केलंय. पोलीस आणू नका, मी त्यांना वर घेऊन येते.”

मग तिने किल्ली फिरवली. ठिपकेराव धावतच जिना चढला, मामा शिव्या घालत त्याच्यामागून. पाहुणी कवटीपाशी थांबली.

सरांना एकट्याने जिना चढवत नव्हता. ताईने त्यांना आधार दिला आणि दोघं एकेक पायरी वर निघाले. वरून उजेड येत होता. अर्ध्यावर ते दम खायला थांबले.

“म्हणजे माझं चुकलं नव्हतं,” सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. “वेगळंच होतं ते. ऐकलंस ना तू?”

“ऐकलं, सर.”

ते तिने आणखी काही म्हणावं म्हणून थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी काही म्हटलं आणि तिने री ओढली नाही असं कधी झालं नव्हतं. ताईने त्यांचा हात आपल्या दंडावरून सोडवला, कठड्यावर नीट ठेवला, आणि ती पुढे चालू लागली.